न पिंजलेली रजई

वेल्समधल्या कार्डिफमध्ये आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक चर्च आहे आणि त्याच्या मागे एक थंडगार हॉल. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आश्रय मागायला आलेल्या लोकांना लंडनमधून हलवून आमच्यासारख्या गावांत आणून ठेवत, आणि त्यांना इंग्रजी शिकवायला चर्चला माणसं हवी असत. मी गेले ते परोपकार म्हणून नव्हे. नवरा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी, आणि मराठी मंडळातल्या बायकांशी त्या दिवाळीत माझं कडाक्याचं वाजलेलं. कारण काय, तर चकल्या विकतच्या आणायच्या की घरी करायच्या. घरात बसून चिडचिड करण्यापेक्षा बाहेर जाऊन करावी, म्हणून गेले.

माझी शिकवण्याची पद्धत सोपी होती. लायब्ररीतून लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणायची आणि सगळ्यांनी मिळून वाचायची. शब्द थोडे, चित्रं मोठी, आणि अडलं तर बोट ठेवून विचारता येतं. एकदा एका घाबरलेल्या सशाची गोष्ट चालली होती. मागच्या खुर्चीवरची एक बाई उठली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "हा ससा खोटं बोलतो."

मी म्हटलं, ससा अजून काही बोललेलाच नाही.

"कान घाबरलेले आहेत. पाय घाबरलेले नाहीत. चित्रकाराने कान गोष्ट वाचून काढले आणि पाय सवयीने काढले."

मला रागच आला. वर्ग माझा, पुस्तक मी आणलेलं, आणि ही कोण मधेच उठून? मग मी सशाचे पाय बघितले. बाई बरोबर बोलत होती.

ती इराणची होती. पन्नाशीला आलेली, केस आखूड कापलेले, अंगात कुणीतरी दान दिलेला पुरुषी कोट. तेहरानमध्ये तिने सगळं आयुष्य लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढण्यात घालवलं होतं. आता ती एका घरातल्या एका खोलीत आणखी दोन बायकांबरोबर राहत होती, आणि आश्रयाचा तिचा अर्ज एकदा नाकारला गेला होता. वरच्या न्यायाधीशासमोर सुनावणी व्हायची होती. तिथे हरली तर परत पाठवणार, आणि परत गेली तर विमानतळावरच धरणार. हे सगळं तिने मला दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

ती आमच्या घरी येऊ लागली. स्वयंपाकघरात बसून आम्ही चहा प्यायचो. मी दूध घालून, ती दातांत साखरेचा खडा धरून. रंग, कागद, जमीन, हवा हे शब्द तिचे आणि माझे एकच आहेत हे कळल्यावर आम्हाला उगीचच आनंद झाला. मी तिला चित्रं दाखव म्हणून मागे लागले. बरेच दिवस टाळून तिने एकदा रुमालात बांधलेलं एक पुस्तक आणलं. तेवढं एकच ती बरोबर आणू शकली होती.

गोष्ट अगदी साधी. थंडीच्या तोंडावर एक म्हातारा पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून गावात येतो. घरोघरच्या रजया उसवतो, कापूस पिंजतो, परत भरतो, टाके घालतो आणि पुढच्या घरी जातो. सगळं गाव झाल्यावर उरलेला कापूस वाऱ्यावर उडतो आणि बर्फ पडायला लागतो. संपली गोष्ट. पिंजारी मी लहानपणी आमच्या पुण्याच्या आळीत पाहिले होते, त्यामुळे मला ती फार समजावून सांगावी लागली नाही.

चित्रं मात्र मी तशी कधी पाहिली नव्हती. घराला भिंती होत्या आणि तरी आतलं सगळं दिसत होतं. अंगण वरून पाहिलेलं, खोली समोरून, माणसं बाजूने, आणि हे सारं एकाच पानावर, कुठेही न खटकता. सावली कुठेच नाही. ती म्हणाली, आमच्या जुन्या चित्रांत सावली नसते, उजेड सगळ्यांवर सारखा पडतो. माणसांच्या भुवया, विटांच्या फटी, कापसाचे तंतू असे काढलेले की कुंचल्याला एकच केस असावा. मी पानं उलटत गेले आणि "किती सुंदर, किती सुंदर" करत राहिले. तिने छातीवर हात ठेवला, मान खाली घातली आणि म्हणाली, "काही नाही हो. तुमचे डोळे सुंदर बघतात."

मग तिने पुस्तक परत पहिल्या पानावर आणलं आणि म्हणाली, "आता कोपरे बघ."

प्रत्येक घरात रजया पसरलेल्या होत्या, उसवलेल्या, कापूस बाहेर आलेला. आणि प्रत्येक घराच्या एका कोपऱ्यात एक रजई घडी घातलेली, दोरीने बांधलेली, तशीच ठेवलेली. ती पिंजाऱ्याकडे कुणी आणत नाही. मजकुरात तिच्याबद्दल एक शब्द नाही. घरातली माणसं तिच्याकडे बघतही नाहीत, आणि ते न बघणं तिने काढलं होतं: आईची मान, आजोबांचे खांदे, खेळणाऱ्या पोरीची पाठ, सगळं त्या कोपऱ्यापासून जरासं वळलेलं. कापूस, बर्फ, म्हाताऱ्याची दाढी तिने पांढऱ्या रंगाने रंगवली होती. घडी घातलेल्या रजईला मात्र रंगच लावला नव्हता. तो नुसता कोरा कागद होता.

तिच्या भावाला तो कॉलेजात असताना धरून नेलं होतं. एका वर्षी तिथल्या तुरुंगांतून पुष्कळ पोरांना फाशी दिलं, त्यात तो गेला. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत. शहराबाहेरच्या एका ओसाड जमिनीत पुरली आणि तिथे दगडसुद्धा ठेवायला बंदी. त्याचं अंथरूण तिच्या आईने घडी घालून कोपऱ्यात ठेवलं होतं. ते कुणी उचलायचं नाही, त्याबद्दल बोलायचं नाही. कितीतरी घरांत असंच होतं, ती म्हणाली, आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बर्फ गावावर पडतो आणि गावाबाहेरच्या एका माळावरही पडतो. गावावरचा बर्फ रंगवलेला. माळावर लांबट, अरुंद, कोरे तुकडे सोडलेले, एकाशेजारी एक. मी पुस्तक मिटलं.

छपाईला परवानगी देणाऱ्या माणसाने ही सगळी चित्रं तपासली होती. त्याने एकच दुरुस्ती सांगितली: एका मुलीच्या ओढणीखालून केस दिसतात, ते झाका. तिने झाकले, पुस्तक छापून आलं. आणि मग ज्यांच्या घरात लहान मूल नाही अशा म्हाताऱ्या बायका ते विकत घ्यायला लागल्या. कुणीतरी एक प्रत त्या ओसाड जमिनीवर नेऊन ठेवली, फुलं ठेवावीत तशी. त्यानंतर वरच्या लोकांनी पुस्तक दुसऱ्यांदा उघडलं. प्रकाशकाच्या दुकानाला टाळं लागलं. लेखक म्हणाला, मी रजईबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि ते खरंच होतं. उरली ही. तिला बोलावलं, बसवून ठेवलं, पुन्हा या म्हणून सोडलं. पुन्हा जायच्या आत ती देशाबाहेर पडली.

इथल्या सरकारचं म्हणणं थोडक्यात असं होतं: हे लहान मुलांचं पुस्तक आहे, त्यात सरकारविरुद्ध एकही वाक्य नाही, आणि तिथल्याच सरकारने ते छापायची परवानगी दिलेली आहे. मग धोका कसला? आमची सॉलिसिटर तरुण वेल्श मुलगी होती, सायकलवरून यायची, केस कायम ओले. तिला पुस्तक कळलं होतं. तिने तयारी चांगली केली. सुनावणीत पानामागून पान उघडायचं, हिला विचारायचं, हिने समजावून सांगायचं. मी स्वयंपाकघरात हिच्याकडून पाठ करून घेतलं. "ही रजई माझ्या भावाची आहे. हे चित्र मी सरकारविरुद्ध काढलं." ती म्हणायची, पण दरवेळी मान खाली घालून.

सुनावणीला मी मागच्या खुर्चीवर बसले होते, दोन खुर्च्या सोडून एक अनोळखी माणूस. खोली अगदी साधी, आमच्या जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या, वेटिंग रूमसारखी. न्यायाधीश सभ्य होते, आणि त्यानेच घात केला. खेकसणारे असते तर ती खंबीर उभी राहिली असती. खेकसणाऱ्यांची तिला सवय होती. यांनी चष्मा लावून पुस्तक हातात घेतलं, पानं अगदी जपून उलटली, आणि सॉलिसिटर पहिला प्रश्न विचारणार तेवढ्यात स्वतःच म्हणाले, ही फारच सुंदर चित्रं आहेत, ही सगळी तुम्ही स्वतः काढलीत?

दुभाष्याने ते फारसीत सांगितलं. तिचा हात छातीवर गेला. मान खाली गेली. ते पाहूनच पुढे काय येणार ते मला कळलं. ती दोन-तीन वाक्यं बोलली. दुभाषी टाय लावलेला, नेमका माणूस होता. त्याने नेमकं सांगितलं: ही काही नाहीत, तुम्ही बघावीत अशी नाहीत, लहान मुलांसाठी काहीतरी आपलं रंगवलेलं आहे, सगळं श्रेय लेखकाचं.

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. सरकारी वकिलानेही घेतलं, आणि त्याचा नंबर आला तेव्हा आवाज न चढवता विचारलं, तुमच्या चित्रांनी तुमच्या देशाच्या सरकारला फरक पडला असं तुम्हाला वाटतं का? आता हो म्हण, मी मनातल्या मनात ओरडत होते. ती म्हणाली, मी कोण? मी साधी चित्रकार.

आपल्याकडे कुणी भाजीचं कौतुक केलं तर आपण काय म्हणतो? कसचं कसचं, मीठ जरा कमीच पडलंय. साडी छान आहे म्हटलं तर, छे, जुनीच आहे. समोरच्याने पुन्हा आग्रह करायचा, आपण पुन्हा नाही म्हणायचं, मग कुठे खरं काय ते दोघांना कळतं. इराणी लोकांत हे आपल्याहून दसपट आहे. दुकानदारही पैसे घेताना आधी राहू द्या म्हणतो. थोर माणसाने कौतुक केल्यावर "हो, मी फार मोठं काम केलं आहे" असं म्हणणं तिच्या लेखी निर्लज्जपणा होता. ती न्यायाधीशांनी पुन्हा विचारायची वाट बघत होती. इंग्रज माणूस पुन्हा विचारत नाही. एकदा नाही म्हटलं की त्याच्या लेखी नाहीच. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. तिने लपवलं, तेही अदबीने, आणि आम्ही सगळ्यांनी बसून बघितलं.

सॉलिसिटरने नंतर पानं उघडून खूप प्रयत्न केला. तेव्हा हिने रजईचं, भावाचं, माळाचं सगळं सांगितलं. पण ते आता आयत्या वेळी सुचलेलं वाटत होतं, मलासुद्धा.

निकाल टपालाने आला. तो मी वाचून दाखवला, कारण सॉलिसिटरची भाषा तिला फोनवर कळत नव्हती. न्यायाधीशांनी तिला प्रामाणिक साक्षीदार म्हटलं होतं. तिच्या भावाचं मरण खरं धरलं होतं. आणि मग लिहिलं होतं की तिच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ही चित्रं मुलांसाठीची किरकोळ चित्रं आहेत, त्यांत तिचा वाटा दुय्यम आहे, तेव्हा सरकारने तिच्या मागे लागावं असं काही दिसत नाही. अपील नामंजूर. खोटारडी म्हटलं असतं तर मला एवढा संताप आला नसता. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता.

अपील संपलं तशी तिची खोलीही गेली. मी नवऱ्याला तयार केलेलं भाषण ऐकवायला लागले तर तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "बॉक्सरूममध्ये नुसत्या सूटकेसेस पडल्यात. त्या लॉफ्टमध्ये टाकू. डिस्कशन कसलं करतेस?" मी भाषण तसंच गिळलं. मंडळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र फोन केला. "अगं, चॅरिटी वेगळी आणि घरात ठेवणं वेगळं. यांच्या इमिग्रेशनच्या भानगडी आपल्याला कशाला? आपण इथे रिस्पेक्टेबल लोक आहोत." मी म्हटलं, तुम्ही असाल, आणि फोन ठेवला. चकल्यांपासून जे राहिलं होतं ते तेव्हा तुटलं.

ती आमच्याकडे त्या थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत राहिली. दर आठवड्याला तिला सरकारी कचेरीत जाऊन सही करावी लागायची. जाताना ती पलंगावरची चादर अशी ओढून जायची की तिथे कुणी राहतं हे कळू नये. चित्रं काढायची नाही. मी कागद, रंग, चांगले कुंचले आणून ठेवले, तिने हातही लावला नाही. माझ्या पोळ्या लाटतानाचा हात बघायची आणि म्हणायची, तुझी कड जाड राहते. तेवढाच तिचा रेघेशी संबंध उरला होता.

सॉलिसिटर म्हणाली, नवा पुरावा मिळाला तर नव्याने अर्ज करता येईल. त्या पुस्तकाचं तिथे पुढे काय झालं याचा काही माग लागला तर बघा. आम्ही अधूनमधून लंडनमधल्या वेम्बलीला देशी किराणा भरायला जायचो. त्या खेपेला नवऱ्याने डाळ-तांदळाने भरलेली गाडी पश्चिम लंडनमधल्या एका इराणी पुस्तकांच्या दुकानासमोर थांबवली. मी पुस्तकाचं नाव तिच्याकडून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, आत गेला आणि एक नवीकोरी प्रत घेऊन आला. नवी आवृत्ती, म्हणाला, नातवंडांना द्यायला छान आहे, फुलं आहेत.

मी दुकानातच पानं उलटली. पिंजारी तोच, घरं तीच, वळलेल्या माना त्याच. कोपऱ्यातल्या रजया गायब. प्रत्येक रजईच्या जागी एकेक फुलांची कुंडी होती. शेवटच्या पानावरच्या माळावर झाडं लावलेली. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव होतं, तिचं काढून टाकलं होतं. मला फारसी वाचता येत नाही, पण तिच्या नावाची अक्षरं मी ओळखत होते. दुकानातच मला आनंदाने रडू आलं. याहून चांगला पुरावा कुठला असणार? किरकोळ चित्रं म्हणे. किरकोळ होती तर एकेक रजई बुजवत कोण बसलं? मोटरवेवर गाडी कार्डिफकडे वळेपर्यंत मी नवऱ्याला हेच सांगत होते. तो म्हणाला, "हे सॉलिड आहे. उद्याच फोन कर सॉलिसिटरला."

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. तिने चष्मा लावला. पहिल्या कुंडीपाशी थांबली, मग मागे शेवटच्या पानावर गेली, बारीक अक्षरांतलं काहीतरी वाचलं, आणि परत पहिल्या कुंडीवर आली. त्यानंतर ती एकेका पानावर एवढा वेळ बसली की मी भांडी घासून घेतली. वळून पाहिलं तर ती हसत होती आणि डोळे वाहत होते.

"हा माझा विद्यार्थी आहे," ती म्हणाली.

विद्यार्थी मुलगा होता की मुलगी हे मी इथे सांगणार नाही. मराठीत वाक्य पुरं करायला काहीतरी लिहावंच लागतं, म्हणून मुलगा लिहिते आहे. त्याला बसवून सांगितलं असणार, या रजया झाक, नाहीतर तुझंही बघतो. त्याने झाकल्या. सांगितलं तेवढं सगळं केलं. आणि ते करताना प्रत्येक पानावर आणखी एक गोष्ट केली. तिने मला दाखवली, बोट न ठेवता, नुसतं कुठे बघायचं ते सांगून. आधी मला काही दिसलं नाही. मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर प्रत्येक पानावर तेवढंच दिसायला लागलं. त्या घरांत कुणाची वाट बघतात, हे पुस्तक अजून सांगत होतं, आणि छापणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी म्हटलं, चल, फोन लावू. ती म्हणाली, नाही.

मला वाटलं, हा पुन्हा तोच अदबीचा नकार आहे. मी आग्रह केला. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "हे तसलं नाही," ती म्हणाली. "ही प्रत कोर्टात गेली की तज्ज्ञ बोलावतील. तज्ज्ञ म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी, तास-तासभर चित्र बघणारा. त्याला दिसणारच, दिसावं म्हणूनच काढलंय. तो ते लिहील. दुभाषी वाचेल, टाइप होईल, खोलीत मोठ्याने वाचतील. माझ्या सुनावणीला मागे एक माणूस बसला होता, तो कोण होता तुला माहीत आहे? मलाही नाही. मागच्या पानावर या पोराचं नाव छापलेलं आहे."

मी म्हटलं, एकच पान देऊ. फक्त कुंडी आणि जुनी रजई, बाकी काही बोलायचंच नाही.

"एक पान दिलं की पुस्तक मागतील. आता हे पुस्तक कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही, म्हणून तो सुरक्षित आहे. माझं दुसऱ्यांदा उघडलं होतं."

मी भांडले. मनात आलं ते सगळं बोलले. तो पोरगा तिथे आपल्या घरात झोपतोय, तुझं नाव पुसून त्याने स्वतःचं छापून घेतलंय, आणि तू त्याच्यासाठी फासावर जाणार? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाव छापून घेतलं नाही. नाव लावायला लावलं. काही सापडलं तर कुणाला धरायचं ते माहीत असावं म्हणून." मला हे ऐकायचंच नव्हतं. मला तिने हो म्हणायला हवं होतं.

त्याच दुपारी सॉलिसिटरचा फोन आला. काही मिळालं का लंडनला? ती माझ्यासमोर टेबलाशी बसली होती, पुस्तक मांडीवर घेऊन. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काही केलं नाही. सगळं माझ्यावर सोडलं होतं. मी म्हटलं, नाही, दुकानदाराला असलं पुस्तक माहीतच नाही. सॉलिसिटर म्हणाली, अरेरे. नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं की कोर्टात याचा उपयोग नाही. त्याने पुढे कधी विचारलं नाही.

जुलैमध्ये ती नेहमीसारखी सही करायला गेली आणि परत आली नाही. तिला आतच ठेवून घेतलं आणि परत पाठवायच्या लोकांना कोंडून ठेवतात त्या विमानतळाजवळच्या केंद्रात नेलं. सॉलिसिटरने जे करता येईल ते केलं, पण हातात नवीन काही नव्हतं. तिला तिथून फोन करायची मुभा होती. शेवटचा फोन आला तेव्हा मी बडबडत सुटले. गरम कपडे पाठवू का, औषधं आहेत का, कुणाला भेटायचंय का. तिने मला थांबवलं.

"नवं पुस्तक कुठे आहे?"

"घरात आहे."

"त्यातलं ते कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"नवऱ्याला?"

"त्यालाही नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याने कुंडीला सावली काढली आहे. आमच्यात सावली काढत नाहीत, किती वेळा शिकवलं होतं. भेटला तर कान उपटणार आहे." ती हसली, आणि मी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की नंतर कान दुखत होता. त्या आठवड्यात तिला विमानात बसवलं. उतरल्यावर तिचं काय झालं हे मला माहीत नाही. तेहरानमध्ये ती राहायची त्या पत्त्यावर कुणी विचारायला जाऊ नये, असं तिनेच बजावून ठेवलं होतं.

आता जे लिहिलंय त्याबद्दल एक सांगायला हवं. ते पुस्तक पिंजाऱ्याचं नव्हतं. कोपऱ्यात रजई नव्हती, तिथे दुसरं काहीतरी होतं, आणि झाकलं तेही कुंडीने नाही. कुणी हे वाचून दुकानात शोधायला गेलं तर त्याला सापडू नये म्हणून मी सगळं बदललं आहे. तो पोरगा कदाचित अजून चित्रं काढत असेल, आणि त्याचं पुस्तक अजून कुणी दुसऱ्यांदा उघडलेलं नसेल. तिने त्याला वाचवलं, हे मला मान्य आहे. पण त्याने माझं समाधान होतं असं मी म्हणणार नाही. मला तो नको होता. मला ती हवी होती, आमच्या बॉक्सरूममध्ये, माझ्या पोळ्यांना नावं ठेवत.